दस्ता आणि लाटणे

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या नेमबाजी क्लबात मी बंदुका दुरुस्त करायचो, तिथे तो गृहस्थ मला एकदाच भेटला. रायफलचा कारखान्यातला दस्ता बोजड वाटला म्हणून त्याने घरीच तो तासून त्यावर रेझिनच्या चिकट थराने हलके कार्बन फायबर चढवले होते. आतले बुडबुडे काढायला त्याने बायकोचे लाटणे फिरवले, ऑफिसचा कॉल आला म्हणून ते तिथेच ठेवले आणि रेझिन सुकून दोन्ही एकजीव झाले.

"काका, करवत असेल का? तासाभरात माझी मॅच आहे."

"दस्ता कापू की लाटणे?"

त्याने दोन्हींकडे पाहिले. "दस्ताच कापा. लाटणं सासूबाईंनी दिलंय, आणि त्या संध्याकाळी हीथ्रोला उतरतायत."

मी कापला. मॅच त्याने बाकावर बसून पाहिली, मांडीवरचे लाटणे पॉलिशपेपरने घासत. इतके एकाग्र चित्त त्या दिवशी एकाही नेमबाजाचे नव्हते.