चष्मा कुठाय तिचा?

कोगनोळी नाक्यावर बस थांबली होती, तेव्हा दाजींचा फोन आला. "तुझी आक्का गेली गं..." एवढंच बोलले. कोल्हापूरहून बेळगावला मी निघाले होते ते एकाच कामासाठी. आक्काच्या घरी जायचं, टीव्हीजवळ पडलेला तिचा चष्मा उचलायचा आणि अतिदक्षता विभागात जाऊन तिच्या डोळ्यांवर चढवायचा.

आक्का माझी थोरली बहीण. काही वर्षांपूर्वी दाजी न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर होते, तेव्हा पहिल्याच सकाळी ती डॉक्टरांसमोर उभी राहिली होती. "झोपेचं औषध कधी कमी करणार? ह्यांचे हातपाय कोण हलवणार? चष्म्याबिगर ह्यांना दिसत न्हाय, आधी तो घाला, मग बघा कसं ऐकत्यात." डॉक्टरांशी मराठीत, नर्सशी कानडीत, रोज तेच. सासरची माणसं हसायची, 'बाई डॉक्टरलाच शिकवायला लागली.' आक्का खुशाल हसू द्यायची. दाजी स्वतःच्या पायांनी घरी आले.

यंदा तीच वेळ तिच्यावर आली आणि दाजी बाहेरच्या बाकड्यावर हात जोडून बसले. मी भेटायला गेले तर आक्काचे हात पलंगाला बांधलेले. "नळी ओढत्यात, गोंधळल्यात," नर्स म्हणाली. आक्का डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होती... बघत कसली, शोधत होती. बाहेर येऊन मी दाजींना विचारलं, "चष्मा कुठाय तिचा? डॉक्टरांशी बोललात का?"

"आपण कशाला मधी बोलायचं? त्यास्नी राग आला म्हंजे? आणि आता चष्मा घेऊन काय करणार गं ती?"

मग मीच डॉक्टरांना गाठलं. "आणा की, घालू," ते म्हणाले. इतकं सोपं होतं! दाजींना बजावून मी शेवटच्या बसनं परतले. नंतर रोज फोन केला आणि रोज एकच उत्तर ऐकलं, "राहिलंच गं."

चष्म्यानं आक्का वाचली असती असं मी म्हणत नाही. पण जिनं नवऱ्यासाठी अख्ख्या दवाखान्याचं डोकं खाल्लं, तिच्यासाठी घरच्या एकानंही तोंड उघडू नये, याचा मला राग आहे. लोक म्हणतात, झालं गेलं विसर. मला विसरायचं नाही.

बाराव्याला गेले तर हार घातलेल्या फोटोपुढं तिचा चष्मा ठेवलेला. काचा लख्ख पुसलेल्या. दाजींनी आपल्या चष्म्यातून त्याच्याकडं पाहिलं आणि जमलेल्यांना सांगितलं, "ह्याच्याबिगर तिला काय बी दिसायचं न्हाय."