खालचं बेट

मरफा म्हणजे आमच्या हैदराबादच्या वरातीत वाजणारे, छातीत धडधड उठवणारे ढोल. ते लांबून ऐकू आले की विमलकाकू तव्यावरची पोळी तव्यावरच सोडून फाटकाशी धावायच्या. पदराला पीठ, हातात उलथनं. वरात कुणाची, नवरा कोण, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. ढोलवाले दिसेनासे होईपर्यंत त्या फाटकाच्या गजावर उलथन्याने ठेका धरायच्या आणि परत येऊन करपलेली पोळी स्वतःच्या ताटात वाढून घ्यायच्या. "करपली तर करपली गं. पोळी उद्या पण होते. ही बारात उद्या येते का?" असं वर मलाच विचारायच्या.

अंबरपेठेतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते. सिकंदराबादच्या एका बँकेत काउंटरवर बसायचे. दिवसभर काचेपलीकडून लोक माझ्यावर ओरडत, त्यामुळे संध्याकाळी मला भिंतीकडे बघत बसायला आवडे. काकूंना ते पटत नसे. "काय बघायलीस भिंतीला? बोलते का ती?" म्हणत त्या वर येत आणि माझा रेडिओ मोठ्याने लावून, मला न विचारता चहा टाकत. त्यांचं घराणं तीन पिढ्या हैदराबादेतलं. मराठी घरात, उर्दू बाजारात, तेलुगू भाजीवालीशी, आणि घाईत असल्या की तिन्ही एकाच वाक्यात. पुण्याहून आलेली त्यांची सून मुग्धा सुरुवातीला त्यांचं बोलणं ऐकताना कपाळाला आठ्या घालून, परीक्षेला बसल्यासारखी बसायची.

काकूंचे यजमान आप्पासाहेब हायकोर्टात वकील होते. मी त्यांना पाहिलं नाही; मी राहायला आले तेव्हा ते भिंतीवर हार घालून बसले होते. माणूस सज्जन. कुणाला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. पण त्यांना आवाज सहन होत नसे. ते घरात लिहीत बसले की कुकरची शिट्टी वाजायच्या आत काकू ती चिमट्याने उचलून धरायच्या. ताटांच्या चळतीत फडकी घालायच्या. मुलगा शिरीष तान्हा असताना रडला की त्याला घेऊन गच्चीवर जायच्या, उन्हात सुद्धा. "मारलं नाही, रागावले नाहीत," काकू सांगायच्या. "नुसतं वर बघायचे. त्या बघण्याला मी अर्धा जन्म घाबरले बघ. माझा खरा आवाज कसा आहे ते मला कोठीच्या बाजारात भाव करताना कळायचं."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहरात नवे पूल उठत होते, शिरीष सॉफ्टवेअरमध्ये लागला होता आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर परदेशी सहलींच्या रंगीत जाहिराती यायला लागल्या होत्या. आमच्या गल्लीतली माणसं तुळजापूर आणि तिरुपती सोडून कुठं जातील असं कुणाला वाटलं नव्हतं, तीसुद्धा पासपोर्टचे फोटो काढून घेऊ लागली. काकूंना साठावं लागलं तेव्हा शिरीष म्हणाला, "आई, शांत-बिंत काही करायची नाही. तू परदेशी जाऊन ये. कुठं जायचं ते तू सांग." काकू त्या दिवशी वर आल्या आणि त्यांनी चहा टाकला. मग म्हणाल्या, "मला कुणी 'तू सांग' म्हटलं ना, की मी मागं वळून बघते. कुणाला विचारायलेत म्हणून."

थायलंडच्या समुद्रातली दोन बेटं जाहिरातीत होती. दोन्हींची नावं 'को'ने सुरू होत आणि पुढे आमच्या सगळ्यांच्या जिभा अडखळत. म्हणून नकाशात जे जसं छापलं होतं तशी त्यांची नावं पडली: वरचं आणि खालचं. वरच्यावर नारळाची झाडं, झोपड्यांसारख्या खोल्या आणि निळं पाणी, बाकी काही नाही. खालच्यावर बाजार, दिवे, नाचगाणी, रस्त्यावर भाजलेली मक्याची कणसं आणि माणसंच माणसं. माझी रजा शिल्लक होती, सोबतीला मी जाणार हे ठरलं. माझा जीव वरच्या बेटावर जडला होता आणि मी तसं सांगितलंही. मुग्धाचंही तेच मत. "आई, खाली नुसता गोंगाट असणार. या वयात शांत जागाच बरी. मन शांत होतं."

"माझं मन शांतच आहे गं," काकू म्हणाल्या. "त्याचाच तर कंटाळा आलाय."

शिरीष हसला, मुग्धा हसली. दोघांना ती गंमत वाटली. पण काकू गंमत करत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना त्यांनी मला खाली बोलावलं आणि कोठीच्या जहीरभाईंना माझ्यासमोर फोन लावला. सहलीचं सगळं तेच बघत होते. काकूंनी फोन मुद्दाम हातभर लांब धरला होता, मला ऐकू यावं म्हणून.

"बोलो अम्मा, कौनसा पक्का करूं?"

"वो खाली वाला."

"खाली वाला? सोच लेओ अम्मा, बाद में नक्को बोलना."

"सोच ली मैं. खाली वालाच."

"हौ, हो गया पक्का."

फोन ठेवून काकूंनी माझे दोन्ही हात धरले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घरात हे कळलं तेव्हा शिरीष नुसतं 'बरं' म्हणाला. मुग्धाने काकूंच्या बॅगेत कापसाचे बोळे ठेवले, कानात घालायला. काकूंनी ते देवापुढच्या वातींच्या डब्यात टाकले.

विमान, मग बस, मग बोट. बोटीत काकू पुढे उभ्या होत्या, नारिंगी साडी, पायात शिरीषचे कॅनव्हासचे बूट. धक्का जवळ आला तशी मी बाजार शोधायला लागले. धक्क्यावर एक कुत्रा झोपला होता. त्याच्या मागे नारळाची झाडं, त्यांच्या मागे डोंगर. लाटांचासुद्धा आवाज बेताचाच. हॉटेलच्या बाई हात जोडून सामोऱ्या आल्या. "मार्केट किधर?" काकूंनी विचारलं, आणि मग इंग्रजीतून मी विचारलं. बाई गोड हसल्या. मार्केट नाही म्हणाल्या. तुमच्या माणसाने खास कळवलं होतं, सगळ्यात रिकामी जागा हवी म्हणून.

रिकामी. खाली! काकूंच्या घाईच्या वाक्यात मराठी 'खाली' शिरला होता आणि जहीरभाईंच्या कानाने तो उर्दूत ऐकला होता, रिकामा या अर्थाने. आम्ही वरच्या बेटावर उतरलो होतो. मला इतकं हसू आलं की बॅगेवर बसावं लागलं. शिवाय, खोटं कशाला बोलू, ती जागा बघून मला फार आनंद झाला होता. काकू हसत नव्हत्या. त्या जेवणघराच्या दारावरची पाटी बघत होत्या. पाटीवर एका चेहऱ्याचं चित्र होतं, ओठांवर बोट ठेवलेलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "आप्पा माझ्याआधी येऊन बसलेत."

त्यांनी मला हॉटेलातून शिरीषला फोन लावायला लावला. झालेला घोटाळा ऐकून शिरीष म्हणाला, झालं ते बरंच झालं, आई. तुझ्या तब्येतीला तेच चांगलं. आता कशाला परेशान होतेस, राहा तिथंच आरामात. काकूंनी सुरुवातीला सवयीने हळूच 'हं, हं' केलं. मग एकदम थांबल्या. पुढचं वाक्य त्या कोठीच्या आवाजात बोलल्या आणि जेवणघरातली दोन गोरी माणसं काटे खाली ठेवून बघायला लागली.

"शिरीष, तू मला विचारलंस काय हवं म्हणून. जन्मात पहिल्यांदा कुणी विचारलं. आता उत्तर पण ऐक. हे चांगलं आहे, पण हे मी मागितलेलं नाही."

त्यानंतरचा फोन जहीरभाईंना. ते बिचारे माफी मागत होते आणि काकू त्यांनाच समजावत होत्या, गलती तुमची नै, मेरी जबान की है. शेवटी दोघंही इतकी हसली की मला फोन काढून घेऊन पुढचं ठरवावं लागलं. खालच्या बेटावर बाजारातच खोली मिळाली.

सकाळी मी कित्येक वर्षांत काढली नव्हती अशी गाढ झोप काढून उठले. काकू धक्क्यावर बॅग भरून बसल्या होत्या. मी म्हटलं, थांबा, माझं सामान आवरते. त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. "तू यायचं नाहीस. तुला हवं ते तुला मिळालंय, ते भोग. माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. दुसऱ्यासाठी म्हणून केलेलं मी पुष्कळ जेवलेय पोरी, त्याला चव नसते." बोट आली. साठ वर्षांची बाई, थाईचा एक शब्द येत नाही, इंग्रजी 'थँक्यू'पुरतं. बोटीच्या टोकाला उभी राहून ती माझ्याकडे बघून दोन्ही हात हलवत गेली. मला भीती वाटली, हेवाही वाटला.

मी एक पूर्ण दिवस समुद्राकडे बघत पडून राहिले. तो माझ्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मला काकूंशिवाय करमेना, आणि मी निघाले. कुणाची काळजी म्हणून नाही, माझ्या मर्जीने.

त्यांना शोधावं लागलं नाही. धक्क्यावरच्या कणीसवालीला मी नुसता साडीचा पदर हाताने करून दाखवला, तर ती "अम्मा! अम्मा!" म्हणत मला बाजारातून हाताला धरून घेऊन गेली. एका दिवसात काकूंनी त्या रस्त्याला अम्मा म्हणायला शिकवलं होतं. चौकात एक छोटं स्टेज होतं, संध्याकाळी येईल त्याने माइकवर गायचं. पायऱ्यांवर काकू बसल्या होत्या, हातात कणीस, केसात कुणीतरी खोवलेलं पांढरं फूल. मी दिसताच त्यांनी कणीस माझ्या हातात दिलं आणि स्टेजवर चढल्या, जणू माझ्याचसाठी थांबल्या होत्या.

माइकवाल्याने विचारलं असावं, कुठून आलात. "हैदराबाद!" काकू ओरडल्या. गर्दीच्या टोकाकडून आमच्याच गावचं कुणीतरी तितक्याच जोरात ओरडलं, "हौ अम्मा!" सगळे हसले. काकूंनी पदर खोचला, माइक तोंडाशी नेला, आणि गाणं नाही, उखाणा घेतला.

"वरचं बेट खाली, खालचं बेट भरलेलं,
विमल घेते स्वतःचं नाव, कधीचं घ्यायचं राहिलेलं!"

त्या चौकात तो कळलेली मी एकटीच. पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, ढोलकीवाल्याने थाप मारली आणि काकूंनी तो पुन्हा म्हटला, आणखी मोठ्याने. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी कणीस खात होते.

परत आल्यावर त्यांनी ही हकिगत अंबरपेठेत इतक्यांदा सांगितली की जहीरभाई आपल्या गिऱ्हाइकांना 'खाली बोले तो कौनसा खाली?' असं विचारून मगच तिकीट काढू लागले. मुग्धाने एकदा काकूंना विचारलं, आई, तुम्हाला खरंच इतका गोंगाट आवडतो, मग आधी का नाही बोललात? काकू म्हणाल्या, "बोलले होते गं. तुम्ही हसलात." पुढच्या वर्षी फाटकाशी मरफा आला तेव्हा मुग्धा काकूंच्या शेजारी उभी होती.

काकू पुढे बरीच वर्षं जगल्या आणि थोड्याशा आजाराने गेल्या. मी तोवर बदलीने दुसऱ्या गावी गेले होते. निरोप मिळाला तशी आले. घर माणसांनी भरलं होतं आणि जो तो भेटायला येणारा, अशा घरी बोलतात तसा, अगदी दबक्या आवाजात बोलत होता. शिरीष प्रत्येकाला कुजबुजतच उत्तर देत होता. मुग्धा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने सगळ्यांकडे पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली,

"इथं कुणी हळू बोलायचं नाही."