सदतीस घरांचा निष्काळजीपणा

पूर-सर्वेक्षणात सदतीस घरांच्या नावांपुढे मी एकाच उत्तरावर बोट दाबलं. चहाच्या टपरीवर बसून. प्रश्न होता, 'इशारा मिळूनही पुरात घर का सोडलं नाही?' टॅबमध्ये तीनच उत्तरं: माहितीचा अभाव, अंधश्रद्धा, निष्काळजीपणा. तिसरं सोपं वाटलं. विचारायचं कशाला? वस्ती माझीच. सक्करदऱ्यातली, नाल्याकाठची, विणकरांची. तिथे वाढलो म्हणजे मला सगळं ठाऊक!

बैठकीत साहेबांनी पडद्यावर पुरातला एक फोटो लावला.

"बघा. मागाच्या खड्ड्यात पाणी, आणि म्हातारी काठावर बसून! या लोकांना बोटीत बसायलाही आमंत्रण लागतं."

सगळे हसले. मीही. तोंडात समोसा, तरी सगळ्यांत मोठ्याने.

म्हातारी माझी सख्खी मावशी होती.

घास गिळवेना. थुंकताही येईना, साहेब समोर.

संध्याकाळी तिच्याकडे गेलो. "इशारा आला होता ना वं मावशी? काहून नाही गेली?"

"त्याच्या आधीच्या पुरात गेलो होतो ना गा शाळेत. खोल्या नाही उघडल्या. म्हणे, फरशी खराब होते. सायकल स्टँडमध्ये ठेवलं आम्हाले. संडासले कुलूप. दोन दिवस बायाइनं कुठं जावं, सांग? माणसाइच्या देखत? त्यापरीस पाणी बरं."

तेव्हा मी कुठे होतो? प्रताप नगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. खिडकीतून पावसाचे फोटो काढत होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, "ती माझी मावशी आहे. मी भरलेलं खोटं आहे. खरं कारण कुलूप."

"कुलूप असा पर्याय नाही. अहवालावर सही कर. वस्तीत जनजागृतीची पत्रकं वाटून देऊ."

नोकरी कंत्राटी. तरी बोललो, "नाही करत. पत्रकांनी संडास उघडत नाही."

सदतीसही उत्तरं पुसली. आता प्रत्येक घरात बसून लिहीन, त्यांच्याच शब्दांत. शाळेच्या खोल्या आणि संडास उघडे राहतील असं लेखी मिळेपर्यंत माझी सही नाही. काढायचं तर काढा.

हे मी मावशीला जरा ऐटीतच सांगितलं. ती मागावरून उठलीसुद्धा नाही.

"मर्द नको बनू. छत्तीस घरं बाकी आहेत. पहिले त्याइले जाऊन सांग, तू काय लिहिलं होतं."