मनगटावरचा ठेका

दापोड्यात कोणाच्याही हळदीला बेंजो पार्टी आली की मी आधी शर्टाची बाही खाली ओढून घेतो. शेजारचे गोदामवाले काका कुठूनतरी येऊन माझं मनगट धरणार, हे ठरलेलं असतं. काका कधीच नाचत नाहीत. वाजवणाऱ्यांच्या पुढ्यात उभे राहतात आणि ठेका माझ्या मनगटावर बोटांनी वाजवून दाखवतात. “आता निस्ती ढोलकी आयक, बाकीचा सगला सोर.” मी बाकीचं सोडून ढोलकी ऐकतो. “आता बेंजो. बघ, कसा वर चरतो.” बेंजोचा सूर चढत जातो तशी एकाच गाण्यात मला तीन-चार गाणी ऐकू येतात आणि अंगावर काटा येतो. मनगट मात्र दुसऱ्या दिवशीही दुखतं.

परवा त्यांच्याच मुलीची हळद होती. लग्नाचे धवले गाणारी म्हातारी धवलारीण पाटापाशी बसून गात होती, पण स्पीकरच्या आवाजात तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. काकांनी सरळ जाऊन मेन स्विच पाडला. नाचणारी पोरं ओरडली, पाहुणे चिडले.

“जरा आजीला आयका,” काका म्हणाले.

आजी थांबली नव्हतीच. तिचा चिरका, उघडा सूर मांडवभर पसरला. ढोलकीवाल्याने जरा वेळ ऐकून घेतलं आणि बोटांच्या टोकांनी तिच्यामागे हलकेच ठेका धरला. ओरडणारी पोरं पाटाजवळ सरकली. मी उत्साहाने काकांपुढे मनगट केलं, तर ते उपरण्याने डोळे पुसत होते.

मग मीच त्यांचं मनगट धरलं आणि ठेका वाजवून दाखवला.