गोंद लावलेला नवरदेव

आता काय सांगू तुम्हाला! चहा घ्या आणि आधी कबूल करा, की हे बाहेर कुठे बोलणार नाही. स्वतःच्या फजितीची दवंडी कोण पिटतं हो?

मी नंदुरबारला शाळेत कार्यानुभव शिकवतो. घाबरलो की माझे तळहात पाझरतात. बसमध्ये कंडक्टर नुसता समोर आला तरी हातातल्या नोटा ओल्या! पाच मुली बघून झाल्या होत्या, पाचही ठिकाणांहून नकार. सहावी म्हसावदची. इथे तरी जमू दे, एवढंच मागणं होतं.

निघायच्या दिवशी सकाळीच मामाने बॉम्ब टाकला.

"भाचा, पोरगी लोकेस्ले ताण कमी कराना सल्ला देस. तिनाकडे यंत्र शे. बोटले पट्ट्या लावस, घाम उना का यंत्र बोंबलस!"

"माले लावी?"

"मंग काय माले?"

लगेच तळहात पुसायला घेतले. मग आठवला शाळेतला पांढरा गोंद. पोरं हाताला फासतात, वाळला की सोलत बसतात. वाळल्यावर दिसतही नाही! बोटांना दोन थर दिले. काय डोकं ना?

म्हसावदला मुलीचे वडील माझ्यासमोरच बसले. भरघोस मिशा, नजर थेट माझ्यावर. मुलीने पट्ट्या लावल्या. माझी छाती धडधडतेय, यंत्र मात्र गप्प!

"दखा, कसा शांत पोऱ्या शे!" मामा खूश.

मुलीचा चेहरा मात्र पडला. "मन्हाकडे दखीसन तुमले काहीच वाटनं नही?"

घ्या! भीती असो की आनंद, मन हललं की बोटं ओलावतातच म्हणे. मी ठरलो दगड!

"नही हो, खूप वाटनं!" म्हणत मी घाईघाईने गोंद सोलायला लागलो.

वडील ताडकन उठले. "ओ माय! यानी तं चामडी निंघी ऱ्हायनी!"

"रोग नही, गोंद शे!" मी ओरडलो.

"गोंद? कसाले?" त्यांनी माझं मनगटच धरलं.

सगळं कबूल केलं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी मात्र खुदकन हसली. तिने पट्ट्या पुन्हा लावल्या आणि यंत्र असं किंचाळलं, की शेजारीपाजारी दारात आले!

ती लाजली. हळूच म्हणाली, "इतला घाम... मन्हामुळे?"

आता इथे नुसती मान हलवायची की नाही? पण मनगट अजून वडिलांच्या हातात. तोंडातून खरं तेच निघालं.

"नही, तुमना बाबामुळे!"

दुसऱ्याच दिवशी होकार आला. वडिलांचा.

मुलीचा यायला दोन महिने लागले.