धुऱ्यावरचा कलेचा इतिहास

अंगणवाडी सेविकेला पर्यवेक्षिका व्हायचं असेल तर पदवी लागते. माझी पदवी एका विषयासाठी अडली होती. कॉलेज ऑनलाइन होतं आणि विषय मोबाइलवरच निवडायचा होता. मला घ्यायचं होतं 'आहार आणि पोषण'. इतकी वर्षं लेकरांना खिचडी वाढली, त्यांची वजनं घेतली; त्या पेपरात मला कोण नापास करणार? पण मी बोट टेकवायला आणि विषयांची यादी सरकायला एकच गाठ पडली. पावती आली, तिच्यावर विषय होता 'पाश्चात्त्य कलेचा इतिहास'.

मी कॉलेजला फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, "एकदा निवडलेला विषय बदलता येत नाही, मॅडम." मॅडम म्हणाली म्हणून मी फार भांडले नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पाश्चात्त्य म्हणजे पश्चिमेकडची ना? अकोल्याकडची का?"

ते बोंडअळीचं साल होतं. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडका, चिकटलेला कापूस. गावात दुसरा विषयच नव्हता. नेरच्या बाजारात अळी, लग्नाच्या पंगतीत अळी. आणि मी ग्रीक देवळांच्या खांबांचे तीन प्रकार पुटपुटत फिरायचे.

घरात नेटवर्क नव्हतं. ते मिळायचं आमच्या शेताच्या उंच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाखाली. अंगणवाडी आटोपून मी दुपारी शेतात जायचे. अळीचे पतंग पकडायला नवऱ्याने जागोजागी काठ्या रोवून पिवळे सापळे टांगले होते. त्यातल्याच एका काठीला मी मोबाइल नाड्याने बांधायचे आणि धुऱ्यावर बसायचे. समोर वावरात माझी सासू आणि गावातल्या चार बाया कापूस वेचत असायच्या.

पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या सरांनी पुतळे दाखवायला घेतले. नेमक्या त्याच वेळी बाया पाणी प्यायला सावलीत आल्या. पडद्यावर पांढराशुभ्र दगडी पुरुष, अंगावर सूतभर कपडा नाही. मी मोबाइलवर हात ठेवला, पण पाहायचं तेवढं त्यांनी पाहून घेतलं होतं.

"अवं माय! याच्या अंगावर कपडे काहून नाईत?" एकीने विचारलं.

"त्यायच्या देशात कापूस पिकत नसन," दुसरी म्हणाली.

"आता आपल्या देशात तरी कुठी पिकून राह्यला?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्या सालात पहिल्यांदाच त्या बाया पोट धरून हसल्या.

पुढचा पुतळा बाईचा होता, दोन्ही हात तुटलेला. "थ्रेशरमधी गेले असन," एकजण हळूच म्हणाली. ते दगडाचे हात जमिनीत गाडले जाऊन मोडले असावेत, हे समजावून सांगितलं तरी त्यांची हळहळ कमी झाली नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. सत्तरीच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. तासाच्या वेळेला त्यांची कंबर नेमकी दुखायला लागायची. मग त्या माझ्या मागे येऊन टेकायच्या आणि शेवटपर्यंत उठायच्या नाहीत. सर प्रकाशाबद्दल बोलायचे, रेषेबद्दल बोलायचे. आत्याबाई फक्त एवढंच पाहायच्या, की चित्रातली माणसं कामाची आहेत की नुसती बसून आहेत. राजेराण्या आल्या की त्या जांभई द्यायच्या. माझी तऱ्हा वेगळी होती. आईच्या मांडीवरची जुन्या चित्रांतली बाळं पाहिली, की मी मनातल्या मनात वजनाचा तक्ता भरायचे. बहुतेक सगळी हिरव्या, म्हणजे चांगल्या वजनाच्या पट्ट्यात बसायची, पण तोंडं मात्र रिटायर झालेल्या मास्तरांसारखी.

तोंडी परीक्षा मोबाइलवरच होती, दुपारी तीन वाजता. मी इस्त्रीचं लुगडं नेसून धुऱ्यावर बसले. आत्याबाईंना बजावलं, "आज अजिबात बोलायचं नाही."

"मी कायले बोलतो?" त्या म्हणाल्या आणि निंबाच्या बुंध्याला टेकल्या.

सरांनी चित्र दाखवलं. शेतात तीन बाया, दोघी वाकलेल्या, तिसरी अर्धी उभी. मी पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं, "वास्तववाद, ग्रामीण श्रमाची प्रतिष्ठा, मातकट रंगसंगती."

"छान. पण या बायका करताहेत काय?" सरांनी विचारलं.

हे नोट्समध्ये नव्हतं. "कापणी," मी म्हणाले.

"कापणी कुठची!" मागून आवाज आला. "इळा कुठी हाय त्यायच्या हातात? सरवा वेचून राह्यल्या त्या."

मी डोळे मिटून घेतले. सर म्हणाले, "कोण बोलतंय?"

आत्याबाई थेट मोबाइलपुढे येऊन बसल्या. "पीक गेलं मालकाच्या खळ्यात. ते पाह्य, मांगं गंज्या लागल्या, गाडी भरून राह्यली. घोड्यावरचा तो मुकादम. आता भुईवर सांडलेलं कणीस या गरीब बायायनं वेचून न्यायचं. अन् ही तिसरी आळशी नाई बरं, कंबर धरली तिची. इतक्यात वाकन ते पुन्हा."

सरांनी चित्राचा तो कोपरा मोठा केला. मग म्हणाले, "आजी, घोड्यावरचा माणूस मी मुलांना दरवर्षी शोधायला लावतो. बहुतेकांना तो दिसत नाही."

"त्यायले त्याची भीती नसन," आत्याबाई म्हणाल्या.

मग सरांना एकदम नियम आठवला. परीक्षेत बाहेरच्यांची मदत चालत नाही. ही परीक्षा रद्द, आठवड्याने पुन्हा घ्यावी लागेल, असं त्यांनी अवघडून सांगितलं.

घरी येताना मी रागाने तरातरा चालत होते. नाल्यापाशी आत्याबाईच थांबल्या. "माह्या मायसंगं मी लई सरवा वेचला," त्या म्हणाल्या. "मुकुटबनकडं. ज्वारीचा, तुरीचा. मालकाची गाडी गेल्याबिगर वावरात पाय ठेवता येत नव्हता. आम्ही धुऱ्यावर बसून राहो, कधी जाते म्हणून." सून होऊन मला इतकी वर्षं झाली होती, पण हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. माझा राग तिथेच गेला. मी त्यांच्या डोक्यावरचं गाठोडं घेतलं, त्यांनी ते घेऊ दिलं.

पुढच्या परीक्षेला नवऱ्याने त्यांना वावराच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. या वेळी चित्रात टेबलावर फळं आणि कलंडलेला पेला होता. मी रंगसंगती बाजूला ठेवली आणि डोळ्यांना दिसलं ते सांगितलं, की घाईत कोणीतरी जेवण अर्धं टाकून उठलंय आणि आवरणारी बाई अजून आलेली नाही. सर हसले. काठावर का होईना, मी पास झाले.

मी काठीवरून मोबाइल सोडायला लागले, तेव्हा सर म्हणाले, "परीक्षा संपली. आता आजींना बोलवा की." मी हाका मारल्या. आत्याबाई ओटीत कापूस घेऊन धापा टाकत आल्या. सरांनी बी पेरणाऱ्या माणसाचं चित्र दाखवलं. त्या क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बी लई फेकून राह्यला. याची बायको याले बोलत नाई का?"

पर्यवेक्षिकेच्या परीक्षेत मी पहिल्यांदा आपटले, दुसऱ्या खेपेला पास झाले. मुलाखतीला जाताना आत्याबाईंनी मला तीनही प्रकारचे खांब पुन्हा म्हणायला लावले. तिथे कलेबद्दल कोणी एक अक्षर विचारलं नाही. लेकराला जुलाब झाले तर काय द्यायचं, ते विचारलं. ते मला येत होतं.