गुलाबी पानांवरची सही

शनिवार, सकाळचे पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटं. बस आगाराच्या नियंत्रण खोलीत माइकसमोर डबल बसलेला आहे. चार नंबरच्या फलाटावरचा चालक खिडकीशी येऊन सांगतो, "पाच पन्नासला काढतो." डबल म्हणतो, "फलाट चार, पाच पन्नास," आणि मग नोंदवहीत लिहितो. समोरच्यानं सांगितलेलं आधी त्यालाच ऐकवायचं, मग कागदावर उतरवायचं. या सवयीमुळे आगारात त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं आहे. बायकोनं मीठ आणायला सांगितलं तरी हा "मीठ, एक किलो" म्हटल्याशिवाय चपला घालत नाही, असं चालक सांगतात. ते खरंही आहे.

सगळं रोजच्यासारखं चाललं आहे, एक गोष्ट सोडून. रोज पाच पंचेचाळीसला टेबलावरचा आतला फोन वाजतो. दोन नंबरच्या तिकीट खिडकीवरून वहिनी सांगतात, "पहिली गाडी, बत्तीस." डबल म्हणतो, "पहिली गाडी, बत्तीस." एकोणीस वर्षांत यात खंड पडलेला नाही. आज फोन वाजला नाही. वहिनींनी प्रवाशांचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून वाहकाच्या हाती पाठवला.

काल दुपारी वहिनी आपल्या मुलीबरोबर सिनेमा पाहून आल्या होत्या.

वहिनी म्हणजे लंबूची बायको. लंबू आणि डबल एकोणिसाव्या वर्षी सैन्याच्या वायरलेस विभागात एकाच दिवशी भरती झाले, एकाच बाकावर शिकले. तिथं पहिल्या आठवड्यात एक गोष्ट अंगात भिनवली जायची: हातात कागद आला की आधी सही आणि वेळ, वाचणं नंतर. त्या सहीचा अर्थ एवढाच, की हा कागद या माणसाकडे इतक्या वाजता पोचला. उद्या तो हरवला, तर कुणाच्या हातून हरवला हे कळावं. डबलनं सैन्य सोडलं, सवय सोडली नाही. विजेचं बिल असो की लग्नाची पत्रिका, तो सही ठोकून वेळ घालतो आणि मग उघडतो.

सव्वीस वर्षांपूर्वी नदीवरच्या एका पुलापलीकडे एकेचाळीस जवानांची तुकडी वेढ्यात सापडली. त्यांचा वायरलेस लंबूकडे होता. अठरा किलोमीटर मागे, मुख्यालयाच्या खोलीत, दुसऱ्या टोकाला डबल होता. सकाळी नऊ दहाला पहिला संदेश आला: तिन्ही बाजूंनी घेरलं आहे, पूल ओलांडून मागं यायची परवानगी द्या. डबलनं तो लंबूला परत वाचून दाखवला, चिठ्ठीवर सही आणि वेळ घातली, आणि सहा पावलं चालून ती ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली. अधिकारी म्हणाला, "ठेव."

बारा वीसपर्यंत असे सात संदेश आले. सातही वेळा सहा पावलं, सातही वेळा "ठेव." आदल्या संध्याकाळी राजधानीतून जाहीर झालं होतं की पूल कोणत्याही परिस्थितीत सोडला जाणार नाही. त्याच्या उलट काही वर कळवायची कुणाची तयारी नव्हती. परवानगी गेली बारा पन्नासला. लंबूनं ती शब्दन् शब्द परत वाचून दाखवली आणि त्याचा सेट गप्प झाला. तीस जण पूल ओलांडून आले. लंबू त्यांत नव्हता. त्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

"ठेव" म्हणणारे अधिकारी आज संरक्षण खात्याचे मंत्री आहेत. निवडणूक तीन महिन्यांवर आली आहे.

दीड वर्षापूर्वी एक दिग्दर्शक आगारात आला. पुलाच्या लढाईवर सिनेमा करायचा होता आणि त्या दिवशी मुख्यालयाच्या खोलीत असलेला, आज बोलू शकेल असा माणूस त्याला हवा होता. डबल इतकी वर्षं पत्रकारांना दारातूनच परत पाठवत आला होता. या वेळी तो वहिनींच्या खिडकीशी गेला. लंबूनं सात वेळा मागितलं होतं, हे आता सगळ्यांना कळेल, असं त्यानं त्यांना सांगितलं. वहिनींनी रांगेतल्या माणसाला थांबायला सांगून विचारलं, "नक्की?" डबल म्हणाला, "नक्की." ते मात्र त्यानं एकदाच म्हटलं.

तीन आठवडे रजा टाकून तो चित्रीकरणावर गेला. मुख्यालयाची खोली त्यांनी हुबेहूब उभारली होती. डबलनं वायरलेसच्या खुर्चीपासून अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत चालून पाहिलं, पाच पावलं भरली. त्यानं टेबल एक पाऊल मागं सरकवून घेतलं. लंबूचं काम करणाऱ्या नटाला त्यानं संदेश परत कसा वाचायचा ते शिकवलं. पोरगा मेहनती होता, जेवतानाही भाजी मागून "भाजी, अर्धी वाटी" म्हणायचा. डबल घरी जाऊन बायकोला म्हणाला, लंबूच बसलाय असं वाटतं.

पटकथेची मूळ पानं पांढरी होती आणि तिच्यात सातही चिठ्ठ्या होत्या. पुढं बदल झाला की बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर येतात, ही सिनेमावाल्यांची पद्धत. आधी निळी आली. त्यांत नावं बदलली होती, एवढंच. गुलाबी पानं आली ती डबल रजा संपवून आगारात परतल्यावर. मंगळवारी सकाळी आठ वीसला दिग्दर्शकाच्या साहाय्यक बाई ती घेऊन खोलीत आल्या. एक गाडी फाटकात बंद पडली होती, मागं अकरा गाड्या अडकल्या होत्या. डबलनं डाव्या हातात माइक धरून उजव्या हातानं सही केली, आठ वीस लिहिलं आणि गठ्ठा खणात टाकला. बाईंनी सहीची प्रत परत नेली.

त्यानं पानं वाचली अकरा वाजता. त्यांत पुलावरचा वायरलेसवाला घाबरून सेट टाकून पळतो. मुख्यालयातला अधिकारी तुकडीशी बोलायची धडपड करत राहतो आणि शेवटी स्वतः हेलिकॉप्टरमधून जाऊन माणसं सोडवतो. त्याआधी मुख्यालयातला वायरलेसवाला, म्हणजे डबल, त्याच्याकडे वळून म्हणतो, "साहेब, तिकडून काहीच येत नाही."

दुसऱ्या दिवशी डबल तीन बस बदलून चित्रीकरणावर पोचला. दिग्दर्शकानं त्याला सावलीत खुर्ची दिली. तो उर्मट माणूस नव्हता, नजर चुकवण्याइतकी लाज त्याला होती.

"काका, सहा हेलिकॉप्टर, एक अख्खी छावणी, चारशे जवान. हे कुणाच्या परवानगीनं आलंय, तुम्हाला माहीत आहे. आधी पटकथा खात्यात जाते, मग हेलिकॉप्टर येतं. पांढरी पानं परत आली. चार तास उशीर झाला, तर तो कुणामुळे तरी झाला पाहिजे ना."

"माझ्यामुळे झाला म्हणा."

"तुम्ही त्यांच्या खोलीत होता. त्या खोलीत चूक दाखवता येत नाही."

"मग लंबू?"

"त्याचं नाव कुठं घेतलंय?"

"पूल तोच आहे," डबल म्हणाला. "पुलावर वायरलेसवाला एकच होता."

दिग्दर्शकानं फाइल उघडून गुलाबी पान दाखवलं. "तुम्ही मान्य केलंत, काका. वेळेसकट. तुमच्या सहीवरच खात्याची शेवटची मंजुरी आलीय." ती सही कशाची असते ते डबल सांगत राहिला. दिग्दर्शकानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, संकलनात काही कापता येतं का, बघू.

डबलनं सात महिने त्या "बघू"वर काढले. सैन्याच्या कार्यालयाकडे त्या दिवशीची वायरलेस नोंदवही मागितली, तर तीन ओळींचं उत्तर आलं: अशा वह्या दहा वर्षं जपल्या जातात. वहिनींना त्यानं यातलं काही सांगितलं नाही. त्या रोज पहाटे आकडा सांगत होत्या, हा परत म्हणत होता. मधूनच त्या विचारायच्या, आला का हो तुमचा सिनेमा? हा म्हणायचा, येईल.

शुक्रवारी आला. आगारातल्या मंडळींनी दोन रांगा धरल्या होत्या. मधोमध वहिनी आणि त्यांची मुलगी बसल्या. डबल पाळी असल्याचं सांगून आगारात राहिला. पाळी दोनलाच संपली होती. सुरुवातीला पडद्यावर अक्षरं आली, 'प्रत्यक्ष साक्षीदाराने तपासून मान्य केलेली हकिकत', आणि खाली डबलचं पूर्ण नाव. चालकांनी शिट्ट्या मारल्या. तासाभरानं त्याच दोन रांगांत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सेट टाकून पळणाऱ्या माणसाला पुढच्या रांगेतून एकानं शिवी हासडली. मुलीनं आईचा हात धरला. वहिनींनी तो सोडवून घेतला आणि शेवटपर्यंत बसून राहिल्या.

आज सव्वादहाला त्या नियंत्रण खोलीत आल्या. रोज या वेळी आणतात तो डबा हातात नव्हता. डबल उठून उभा राहिला.

"सही तुमची आहे?"

"माझी आहे."

"वाचून केलीत?"

"नाही. पोच म्हणून केली. वाचलं त्यानंतर."

"कधी?"

"त्याच दिवशी. अकरा वाजता."

वहिनींनी हिशेब केला असावा. "म्हणजे सात महिने."

डबलनं मान हलवली. त्यानं दिग्दर्शकाचं, हेलिकॉप्टरचं, नोंदवहीचं, सगळं क्रमानं सांगितलं. मध्ये दोनदा गाड्यांची घोषणा करावी लागली. वहिनी थांबल्या.

"त्या सिनेमावाल्यांनी फसवलं, ते कळतं मला," त्या म्हणाल्या. "ते माझे कोण लागतात? तुम्ही सव्वीस वर्षं सांगत आलात, सात वेळा मागितलं म्हणून. मी कधी कागद मागितला? तुमच्या शब्दावर पोरीला वाढवलं. आता कागद आलाय, डबलभावजी. एकच आहे, आणि त्यावर सही तुमची."

"मी लिहून देतो. सातही वेळा मला पाठ आहेत."

"कुणाला देता?"

नऊ दहा, नऊ पन्नास, असं डबल हळू आवाजात सुरू झाला. वहिनींनी एक तरी वेळ परत म्हणावी म्हणून तो प्रत्येकीनंतर थांबत होता. तिसऱ्या वेळेला त्या दाराबाहेर गेल्या होत्या.

दुपारी एकला त्यांचा पाळी बदलून मागणारा अर्ज आगारप्रमुखाकडे गेला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' एवढंच लिहिलं होतं. दीडला पाळ्यांचा नवा तक्ता फलकावर लागला. शिपायानं त्याची प्रत नियंत्रण खोलीत आणून दिली. डबलनं तिच्यावर सही केली, एक पस्तीस लिहिलं आणि मग वाचली. उद्यापासून दोन नंबरच्या खिडकीवर वहिनींची पाळी दुपारी अडीच ते रात्री साडेदहा आहे. डबलची पाळी पहाटे साडेपाच ते दुपारी दोन आहे. पहिली गाडी पाच पन्नासला, फलाट चारवरून सुटेल.